धातूवरची साय

वैदेहीनं चिमट्यानं मिश्रधातूचा तुकडा बरणीतल्या पाण्यात सोडला, त्यावर पाण्यानं भरलेली काचेची नळी उपडी ठेवली आणि श्वास रोखून धरला. चार-दोन बुडबुडे वर आले. मग दुधावर धरावी तशी तुकड्यावर करडी साय धरली आणि सगळं गप्प झालं.

"कर्म माझं!" ती म्हणाली.

पंच्याण्णवच्या त्या हिवाळ्यात आंदोलनामुळे विद्यापीठाला टाळं लागलं आणि प्रयोगाचं सामान दूधविनायकाच्या गल्लीत, शरदिनीआत्याच्या स्वयंपाकघरात आलं. मॅग्नेशियम पाण्यात टाकलं की हायड्रोजन निघतो, हे कुणीही सांगेल. पण लगेच ती मेली साय धरते आणि पाणी आत पोचत नाही. खाऱ्या पाण्यात ती फाटते, हेही जुनंच. निव्वळ शुद्ध पाण्यातही साय धरू न देणारा मॅग्नेशियमचा मिश्रधातू वैदेहीला हवा होता, आणि मंगळवारी याच ओट्यावर तो तिला मिळाला होता! नळी बघता बघता वायूनं भरली. तिनं आनंदानं आत्याला गदागदा हलवलं आणि लगेच गाईड मिश्रजींना फोन ठोकला.

त्यानंतर एकदाही नाही. तोच धातू, तेच डिस्टिल्ड पाणी, तीच बरणी. तिनं तुकडे घासून पाहिले, पाणी कोमट करून पाहिलं, बरणी उन्हात ठेवली, सावलीत ठेवली. डोकं चालेनासं झालं. मंगळवारी आपण खरंच काही पाहिलं की नुसता भास झाला, इथवर मजल गेली. आणि आज मिश्रजी स्वतःच्या डोळ्यांनी बघायला येणार होते. दिसलं तर तिचा प्रबंध उभा राहणार, नाही तर सगळं पहिल्यापासून.

"इतकी परेशान नको होऊस गं," आत्या दारातून म्हणाली. "दोन घास खा आधी."

"आत्या, प्लीज! आत्ता नको."

गल्लीत स्कूटर वाजली म्हणून वैदेही सज्जात धावली. दुसराच कुणी होता. परत आली तर काय, बरणीत नुसती उकळी फुटलेली! नळीतलं पाणी भराभरा खाली सरकत होतं. शेजारी आत्या, मूठ नुकती उघडलेली, तोंडानं काहीतरी पुटपुटत.

"काय केलंस?"

"दृष्ट काढली. मंगळवारी तू आंघोळीला गेलीस तेव्हा काढली होती, आज शनिवार. तुझी काढायला गेलं की अंगावर येतेस. म्हटलं, बरणीची काढावी."

"आत काय टाकलंस?"

"मीठ. एरवी शेगडीत टाकतात, पण तूच बजावलंस ना, याच्याजवळ आग म्हणून नको. मग पाण्यात टाकलं. मोहरी नाही हो टाकली. दिसली असती तर बोंबलली असतीस."

वैदेहीला हसावं की रडावं तेच कळेना. धातूनं काही केलंच नव्हतं. केलं ते मिठानं, आणि मिठाचं तर कुणालाही ठाऊक होतं. तिला फार वाईट वाटलं. पण आत्याचा राग काही केल्या येईना.

"वैदेही! ऊपर आ जाऊँ?" खालून मिश्रजींची हाक आली.

"बघ, अगदी वेळेवर," आत्या खुलली. "बोलाव त्यांना."

वैदेही बरणीकडे बघत राहिली. सर जे बघायला आले होते, ते अगदी तस्संच तिथे चाललं होतं. पाण्यात विरघळलेलं मीठ दिसत नाही. विचारणारही कुणी नव्हतं.

"आइए, सर!" तिनं ओरडून सांगितलं. मग नळी काढली, बरणी उचलली आणि मोरीत पालथी केली.

"अगं अगं! ओततेस काय? चांगलं चाललं होतं ना?"

तिनं बरणी दोनदा विसळली, शुद्ध पाणी भरलं, नवा तुकडा काढून ठेवला. जिन्यावर पावलं वाजू लागली. आत्या एकदा मोरीकडे बघे, एकदा तिच्याकडे.

"काढलेली दृष्ट फुकट गेली की गं."

"नाही आत्या. निघाली."

"मग? कुणाची लागली होती एवढी?"

"माझीच," वैदेही म्हणाली, आणि दार उघडायला गेली.