नाचणी घातलीच नव्हती

आठ वर्षं झाली लेकीच्या लग्नाला, पण सासूने, नालुबोवाने, जावयाचं तोंड काही पाहिलं नव्हतं. भांडणबिंडण नव्हतं हो, जावई लाखात एक. मसाका जिल्ह्याकडच्या लोकांत सासू-जावयाची रीतच तशी: समोर यायचं नाही, आणि शिवायचं तर मुळीच नाही. शिवलं तर दोघांच्याही हातांना जन्माचा कंप सुटतो म्हणतात. हा जावई, सेम्पिज्जा, सासूच्या स्वयंपाकघरावर पत्रे घालायला आला, तेव्हा ही बाई दिवसभर केळीच्या बागेत लपून बसली. तो गेल्यावर घरी आली, वर बघितलं आणि त्याला तोंडभर आशीर्वाद दिले.

आणि आता तोच जावई आयसीयूत पडला होता. न्यूमोनियाने फुप्फुसं गच्च झालेली, रक्तदाब कोसळलेला, श्वास यंत्र घेत होतं. बायको रेस्टी मस्कतला परक्यांची घरं झाडत होती आणि तिची मालकीण पासपोर्ट हातात देईना. त्याला आईबाप नव्हते, भाऊ नव्हता. उरलं कोण? सासू. दैवाची थट्टा बघा, जिने त्याच्या सावलीलाही उभं राहायचं नाही, तिच्याच गळ्यात त्याची सेवा पडली.

तिने आपल्यापुरती वाट काढली. आयसीयूच्या दाराबाहेरच्या बाकावर ती काचेकडे पाठ करून बसायची. इस्पितळामागे नातेवाइकांच्या चुली होत्या, तिथे नाचणीची पेज रांधायची आणि दर तीन तासांनी फ्लास्क दारातच नर्सच्या हाती द्यायची. नर्स ती पेज नाकातल्या नळीतून त्याच्या पोटात सोडायची. बिरुंगी नावाची ती दिवसपाळीची पोर लांबच्या फोर्ट पोर्टल शहराकडची, बोलायला फटकळ, पण हाताला माया असलेली. डॉक्टरांनी नालुबोवाला समजावलं होतं की माणूस असा मरणाच्या दारी गेला की शरीर सगळं रक्त काळजाकडे न् मेंदूकडे पळवतं आणि पोटाला वाऱ्यावर सोडतं. मग पोटातलं आम्ल पोटालाच खातं, आतून रक्त सुटतं आणि बाहेर कुणाला पत्ता लागत नाही. त्यासाठीचं इंजेक्शन दोन दिवस दिलं आणि साठा संपला. पेज नीट जिरते आहे, नवा साठा येईतो तीच पोटाला सांभाळेल, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून ही बाई पेज अशी ढवळायची की गुठळीची काय बिशाद!

सहाव्या दिवशी सकाळी बिरुंगी कामावर आली आणि थोड्याच वेळात दारात डोकावली. पेज सोडण्याआधी नळीतून ओढून बघितलं तर तपकिरी पाणी परत आलं, म्हणाली. नाचणी पोटातच पडून आहे, हा फ्लास्क राहू दे, तीन तासांनी पातळ करून आण. एवढं बोलते आहे तोच आतून दुसऱ्या खाटेवरून हाक आली आणि ती पळाली.

नालुबोवा फ्लास्क हातात धरून उभीच राहिली. नाचणीचं पीठ कालच दुपारी संपलं होतं. काल संध्याकाळपासून ती तांदळाचं पीठ दुधात शिजवून देत होती, पांढरीशुभ्र पेज. ती घेतली रात्रीच्या नर्सने, बिरुंगीला काय ठाऊक! पांढरं आत गेलं तर तपकिरी बाहेर येईल कसं? तिचा धाकटा भाऊ मरताना दळलेल्या कॉफीसारखं ओकला होता. घरच्यांना वाटलं, कॉफीच प्यायलाय; ते पोटातलं रक्त होतं. दुपारपर्यंत तो संपला होता.

तिने दार ठोठावलं. दारावरच्या पहारेकऱ्याने थांबायला सांगितलं, नर्स कामात आहे म्हणाला. पुन्हा ठोठावलं, तो पुन्हा तेच म्हणाला. रीत मोडली तर गावात तोंड कसं दाखवायचं, आणि नाही मोडली तर रेस्टीला फोनवर काय सांगायचं? तिने खांद्यावरचं कापड डोक्यावरून पुढे ओढलं, पहारेकऱ्याला कोपराने बाजूला सारलं आणि थेट आत शिरली.

बिरुंगी दुसऱ्या खाटेशी होती. नालुबोवाने तिचा दंड धरला.

"पोरी, ती नाचणी नव्हे. कालपासून मी दूध-तांदूळ शिजवतेय. नाचणी घातलीच नव्हती."

बिरुंगीचा चेहरा पडला. तिने सेम्पिज्जाची नळी पुन्हा ओढून बघितली. या खेपेला पाणी काळपट आलं आणि त्यात लाल तार होती. मग एकच धांदल उडाली. रक्तदाब घसरत होता. डॉक्टर आले, रक्ताची पिशवी लागली, शस्त्रक्रियेच्या विभागातून ते इंजेक्शन उसनं आणलं. या बाईला बाहेर काढायचं कुणाला सुचलंच नाही. चादरीबाहेर त्याचा एक पाय उघडा पडला होता, बर्फासारखा गार. नालुबोवाने तो दोन्ही हातांत धरला.

"बाळा, तग धर," ती म्हणाली. "रेस्टी यायचीय अजून."

डोक्यावरचं कापड कधी घसरलं, तिला कळलंच नाही. तिने त्याचा चेहरा डोळे भरून पाहिला. कपाळावर जुना व्रण होता आणि दाढीत दोन-चार पांढरे केस. आठ वर्षांनी बघायचं ते असं, म्हणून तिला रडू कोसळलं.

दुपारी रक्त थांबलं. आणखी दोन-तीन तास गेले असते तर हातचा गेला असता, असं डॉक्टर म्हणाले. बिरुंगी बाकावर तिच्याशेजारी येऊन बसली आणि फ्लास्क उघडून बघायला हवा होता, चूक आपली, म्हणाली. मी तरी पीठ बदलल्याचं कुठे सांगितलं, असं नालुबोवा उत्तरली. त्या दिवसापासून काय शिजवलं न् कुठल्या रंगाचं, हे प्रत्येक खेपेला कागदावर चढू लागलं. इंजेक्शनही चुकलं नाही.

आठवड्याने घशातली श्वासाची नळी निघाली. सेम्पिज्जाचा आवाज खरखरीत झाला होता. बिरुंगीला जवळ बोलावून त्याने एक निरोप दिला आणि तिने तो बाकापर्यंत जसाच्या तसा आणून पोचवला.

"त्यांना सांगा, पायावर हात आला तेव्हा मला कळलं होतं. त्यांना संकोच नको म्हणून मी डोळे उघडले नाहीत."

नालुबोवाने खांद्यावरच्या कापडाने डोळे पुसले.

"त्याला म्हणावं," ती म्हणाली, "माझीही नजर खालीच होती."

बिरुंगीने सगळं पाहिलं होतं. तिने मान हलवली आणि निरोप जसाच्या तसा आत नेला.