के-थ्री किती?

कारखान्यात तिला सगळे मावशी म्हणत. अठरा वर्षं ती कंट्रोल पॅनेलचं वायरिंग करत होती आणि तिच्या हाताला तोड नव्हती. वायरिंगच्या ड्रॉइंगमध्ये वस्तू जिथे काढलेली, तिथेच ती पॅनेलमध्ये बसलेली असायची. बघायचं आणि वायर जोडायची, डोकं शांत.

पण आता ते काम यंत्रं करणार होती. दुरुस्ती विभागात जागा मिळाली तर ठीक, नाहीतर पॅकिंगमध्ये खोकी चिकटवायची. आणि दुरुस्तीच्या परीक्षेला दुसरंच ड्रॉइंग, स्किमॅटिक. वीज कशाच्या मागून काय चालवते एवढंच ते सांगतं; कोण कुठे बसलंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

पहिल्या परीक्षेत मावशीला त्या कागदावर के-थ्री नावाचा रिले तीन ठिकाणी दिसला. रिले म्हणजे स्वतःला वीज मिळाली की आतले स्विच ओढणारी डबी. पॅनेलमध्ये ती एकच सापडली. मावशीने ठासून सांगितलं, "साहेब, दोन के-थ्री बसवायचेच राहिलेत."

साहेब हसले, मग अख्खा कारखाना हसला. तेव्हापासून जो तो विचारी, "काय मावशी, सापडले का दोघं?" तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. अठरा वर्षांच्या नावावर एका वाक्यात पाणी पडलं होतं.

दुसरी संधी शेवटची होती. आदल्या संध्याकाळी कागद ओट्यावर टेकवून ती भाजी चिरत होती. घड्याळ पाहून सवयीने ओरडली, "सात वाजले!" खोलीत लेकीने दिवा लावला. मागच्या दारी नवऱ्याने पाण्याचा पंप सुरू केला.

मावशीची सुरी थांबली. हाक एक, कामं दोन, तीही दोन टोकांना. या घराचं स्किमॅटिक काढलं असतं तर तिचं नाव तीन ठिकाणी लिहावं लागलं असतं: हाकेपाशी, दिव्यापाशी आणि पंपापाशी. आणि मावशी तर एकटीच होती.

सकाळी साहेबांनी पॅनेलमध्ये मुद्दाम बिघाड करून ठेवला होता. तिने बटण दाबलं. के-थ्री टक् वाजला, पॅनेलवरचा दिवा लागला, पॅनेलला जोडलेला पंप मात्र ढिम्म. म्हणजे हाक गेली होती, दिव्याने ऐकलीही होती. तिने स्किमॅटिकमध्ये पंपाची ओळ धरून स्विचचा नंबर पाहिला, मग आपलं जुनं वायरिंगचं ड्रॉइंग उघडलं. वीज बंद केली आणि नेमक्या स्क्रूवर बोट ठेवलं. वायर जागेवरच होती, पण वीज अडावी म्हणून टोकाला साहेबांनी टेप गुंडाळली होती.

अर्ध्या तासाची परीक्षा सहा मिनिटांत आटोपली. साहेबांनी सही केली, पण जित्याची खोड! "मग मावशी, के-थ्री किती?"

"एकच, साहेब. बसलाय एका कोपऱ्यात, राबतोय तीन ठिकाणी." तिने टेप काढून स्क्रू आवळला. "घरी मी दुसरं काय करते? मला तर तो पहिल्याच दिवशी ओळखू यायला हवा होता."

या वेळी साहेब हसले नाहीत.