मोकळा माणूस

आशुतोषची नोकरी गेली आणि नेदरलँड्समधल्या रायस्वाइकच्या मराठी मंडळाला फुकटचा माणूस मिळाला.

कंपनीने त्याचा अख्खा विभागच बंद केला होता. चूक त्याची नव्हती, त्यामुळे सरकारी बेरोजगार भत्त्याला अडचण आली नाही. छत्तीस आठवड्यांतले किमान सव्वीस आठवडे काम केलेलं हवं. बिचाऱ्याने सगळेच केले होते. आठवड्याच्या आत अर्ज केला, दर चार आठवड्यांना चार ठिकाणी नोकरी शोधायची अटही मान्य केली. खरी धास्ती वेगळीच होती. तीन महिन्यांत नवी नोकरी लागली नाही तर व्हिसा संपणार आणि त्याला आणि बायकोला, शलाकाला, गाशा गुंडाळून पुण्याला परतावं लागणार.

मंडळाला यातलं एवढंच ऐकू आलं की आशुतोष मोकळा आहे. अध्यक्ष हरिहरकाका, तीस वर्षं इथे मुरलेले, "मोकळाच आहेस ना?" असं विचारत आणि उत्तराची वाट न बघता काम सांगत. गणपतीच्या खुर्च्या ठरव, बॅनर छाप, हार्लेमहून ढोल आण. आशुतोष एवढा भिडस्त, की 'नाही' हा शब्द त्याच्या घशातच अडकायचा.

एका दुपारी तो काकांच्या माळ्यावरून मंडळाचं मखर उतरवत होता. डच जिना तो, म्हणजे शिडीच. खिशात फोन वाजला, पण दोन्ही हात मखराला. एका कंपनीचा फोन होता. त्याने उलट फोन केला तोवर त्यांनी दुसऱ्याला बोलावलं होतं.

शलाका भडकली. "मखर कुणीही उतरवेल रे. पण व्हिसा संपला तर 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणायला आपण इथे असणार आहोत का?"

तेव्हा आशुतोषने भत्त्याचे नियम पुन्हा चाळले आणि त्याला घबाडच सापडलं. भत्ता चालू असताना एखाद्या संस्थेचं फुकट काम करायचं तर आधी परवानगी हवी! त्यासाठी संस्थेने फॉर्म भरायचा. चार पानं, सगळी डचमध्ये. त्याने तो मंडळाच्या ग्रुपवर टाकला आणि खाली साळसूदपणे लिहिलं, "माझी फार इच्छा आहे हो, पण नियम म्हणजे नियम."

ग्रुपवरून कामं येणं थांबलं. ढोल कोणी आणले ते त्याने विचारलं नाही. तीन आठवडे त्याने निवांत अर्ज केले, आणि एका कंपनीकडून बोलावणं आलं: सोमवारी सकाळी दहा वाजता, बाडहूव्हडॉर्पला मुलाखत.

शनिवारी बेल वाजली. दारात हरिहरकाका, हातात पाकीट.

"मंजूर! आठवड्याला दहा तास. शब्दकोश घेऊन बसलो होतो रे, चारही पानं भरली. आता सोमवारी दहाला विमानतळावरून आपल्या गणपतीच्या कार्यक्रमाच्या गायिकाबाईंना आणायचं. मोकळाच आहेस ना?"

आतून शलाकाने भांडं जरा जोरातच आपटलं.

"नाही, काका."

"नाही?"

"नाही जमणार. मुलाखत आहे. व्हिसाचे सव्वीसच दिवस उरलेत माझे. तुमचं मखर उतरवताना एक फोन हुकलाच आहे."

काकांनी कपाळावर हात मारला. "अरे, मग तेव्हाच नाही म्हणायचंस! शेजारचा डच माझ्या तोंडावर रोज नाही म्हणतो आणि संध्याकाळी चहाला येतो. तू मात्र मला या वयात फॉर्म भरायला बसवलंस."

आशुतोषला मनापासून लाज वाटली. काकांनी मंजुरीची घडी घालून खिशात कोंबली.

"बाडहूव्हडॉर्प म्हणजे विमानतळाला लागूनच की. बाईंना मीच आणतो, वाटेत तुला सोडतो. आठला खाली ये."

काकांची गाडी कासवालाही वाट देते, हे अख्ख्या मंडळाला माहीत होतं. ट्रेनने गेलेलं बरं. 'नाही' आता घशातून सुटलं होतं, जिभेवर आलंही होतं.

"सातला येतो, काका," आशुतोष म्हणाला.