रिकाम्या ताटलीचा अनुनाद

डॉ. वामनराव भाकरे यांना टाय उत्तम बांधता येई, आणि 'आम्ही कॅनडात असताना' या शब्दांनी कुठलंही वाक्य सुरू करता येई. भौतिकशास्त्र त्यांना कधीच येत नव्हतं असं नाही. एके काळी येत असावं. नाहीतर कॅनडावाल्यांनी दोन वर्षं ठेवून घेतलं नसतं. पण नागपूरला परतल्यावर कॉलेजानं त्यांना विभागप्रमुख केलं, मोठी खुर्ची दिली, आणि त्या खुर्चीत बसून माणसाला जे होतं ते त्यांना झालं.

कौशल्या रामटेके त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करत होती. इंदोऱ्याच्या दलित वस्तीत राहायची, सकाळी त्याच कॉलेजात बी.एस्सी.च्या मुलांना शिकवायची आणि दुपारी मागच्या खोलीत संशोधन करायची. ती हुशार होती आणि ते तिला ठाऊक होतं. वामनरावांना पहिल्या महिन्यातच ओळखल्यावर तिनं त्यांच्याबद्दल जे मत करून घेतलं, ते बदलण्याची संधी त्यांनी पुढे तिला कधी दिली नाही.

मागच्या खोलीत मेणानं भरलेलं एक मोठं लोखंडी पिंप होतं. त्याच्या पोटात अंगठ्याएवढी नळी, आणि त्या नळीतून सतत न्यूट्रॉन बाहेर पडत. मेणात आपटून आपटून त्यांचा वेग कमी होई. वाटेत एखादा पदार्थ ठेवला की त्याची अणुकेंद्रं त्यातले काही न्यूट्रॉन गिळत आणि किरणोत्सारी होत. मग तो पदार्थ बाहेर काढून किरणं मोजणाऱ्या काउंटरखाली ठेवायचा, टिकटिक मोजायची, आणि त्यावरून कुठलं केंद्र किती न्यूट्रॉन गिळतं याचा हिशेब करायचा. त्या आकड्याला क्रॉस सेक्शन म्हणतात. काही केंद्रं ठरावीक वेगाचा न्यूट्रॉन आला की एकाएकी हावरी होतात. तो त्यांचा अनुनाद, म्हणजे रेझोनन्स. तो पाहायचा तर पदार्थ कॅडमियमच्या डबीत घालून पिंपात सोडायचा. संथ न्यूट्रॉन डबीच खाऊन टाकते. आत पोचतात ते जरा वेगवान, आणि अनुनाद त्यांच्यामुळेच कळतो.

वामनरावांनी लँथॅनम नावाचा धातू निवडला होता. साऱ्या जगानं तो आधीच मोजलेला होता. त्यामुळे उत्तर आधीच ठाऊक, चुकायची भीती नाही. पण कॅडमियमच्या डबीतून काढलेला लँथॅनम एवढा टिकटिकला, की आकडा जगाच्या कितीतरी पट आला. दुसऱ्या कुणी आधी स्वतःवर संशय घेतला असता. वामनरावांनी जगावर घेतला.

"मिस रामटेके, लँथॅनममध्ये एक नवा रेझोनन्स आहे," ते म्हणाले. "आजवर कुणाला दिसला नाही."

आठवडाभरात ते त्याला थट्टेनं 'भाकरे रेझोनन्स' म्हणू लागले, आणि महिनाभरात थट्टा गळून पडली. एका वर्तमानपत्रानं 'नागपूरच्या शास्त्रज्ञाचा जागतिक शोध' असा मथळा देऊन त्यांचा फोटो छापला. फोटोत वामनराव पिंपाकडे बघत होते. विभागात कुणी त्यांना पिंपाकडे इतका वेळ बघताना पाहिलेलं नव्हतं.

त्यांची मोजायची पद्धत अशी: नमुना पिंपातून काढायचा, काउंटरखाली ठेवायचा, पाच-दहा मिनिटं आकडा घ्यायचा, "बाकीचं कागदावर काढता येतं" म्हणायचं आणि जेवायला घरी जायचं. कौशल्याही तेच करायची, कारण सांगितलेलं होतं. पण एप्रिल लागला. काउंटर तापू नये म्हणून विभागातला एकमेव वाळ्याचा कूलर त्या खोलीत लावला होता. एका दुपारी ती तिथंच पेपर तपासत बसली आणि काउंटर चालूच राहिला. गठ्ठा अर्धा झाला तेव्हा तिच्या लक्षात आलं की टिकटिक मंदावली आहे. तिनं आकडा पाहिला. तासही झाला नव्हता आणि तो अर्ध्यावर आला होता.

लँथॅनमचा जोर निम्म्यावर यायला दीड दिवसापेक्षा जास्त वेळ लागतो. हे दुसऱ्या वर्षाच्या पोरांनाही पुस्तकात सापडतं. म्हणजे हे जे टिकटिकत होतं ते लँथॅनम नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी तिनं वामनरावांना सांगितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले, आणि उघडले तेव्हा ते आनंदानं चमकत होते.

"मग ही लँथॅनमची नवी अवस्था! म्हणजे एक नाही, दोन शोध!"

"सर, तासाच्या आत निम्मं होणारं इंडियम असतं. आपण प्रॅक्टिकलला वापरतो ते."

"इंडियम इथं येईल कुठून? आम्ही कॅनडात असताना..."

ती उठून बाहेर आली. कुठून येईल ते तिला तेवढ्यात कळलं होतं. कॅडमियमच्या डबीत नेमकी बसेल अशी एकच ॲल्युमिनियमची ताटली विभागात होती. ती वामनरावांनी कॅनडाहून आणलेली. ती त्यांच्या कपाटात कुलपात असे. तिला पाणी लागू द्यायचं नाही, असा हुकूम होता. आणि वर्षानुवर्षं ते त्याच ताटलीत इंडियमचे पत्रे अंगठ्यानं दाबून बसवत आले होते. इंडियम साबणासारखं मऊ. दाबलं की भांड्याला माखतं.

पुढच्या खेपेला तिनं ताटली मागून घेतली आणि रिकामीच कॅडमियमच्या डबीत घालून पिंपात सोडली. काढली, मोजली. जगाला न सापडलेला अनुनाद रिकाम्या ताटलीत जसाच्या तसा हजर होता.

तिनं तेव्हाच ती ताटली त्यांच्या टेबलावर आपटायला हवी होती. पण तेवढ्यात मुंबईचे डॉ. गोपाळराव दिघे व्याख्यानाला येणार असं ठरलं. अणुशास्त्रातलं मोठं नाव. त्यांच्यासमोर शोधाचं प्रात्यक्षिक करायचं ठरलं. "नमुना तयार ठेवा," वामनराव म्हणाले. कौशल्यानं तयार ठेवला.

त्या दिवशी हॉल भरला होता. पहिल्या रांगेत प्राचार्य, दोन-तीन संस्थाचालक, आणि शोध म्हणजे काय हे माहीत नसूनही शोधाला हजर राहण्याची सवय असलेली महाल भागातली जुनी प्रतिष्ठित मंडळी. काउंटर टेबलावर, त्याला लाउडस्पीकर जोडलेला. कौशल्यानं वर पातळ वर्ख लावलेली ताटली चिमट्यानं वामनरावांच्या हाती दिली. त्यांनी आत पाहिलं नाही. पाहणार नाहीत याची तिला खात्री होती.

स्पीकरमधून तडतड सुरू झाली.

"ऐका!" वामनराव हात उंचावून म्हणाले. "लँथॅनम बोलतंय!"

टाळ्या पडल्या. दिघे म्हातारे होते, बारीक अंगाचे. ते उठून टेबलाशी आले.

"नमुना बघू का जरा?"

"अवश्य!" म्हणत वामनरावांनी स्वतःच्या हातानं वर्ख काढला.

ताटलीत काही नव्हतं. तडतड चालूच होती.

दिघ्यांनी ताटलीत डोकावलं, वामनरावांकडे पाहिलं, मग कौशल्याकडे. "आधी काय ठेवायचात हिच्यात?"

"इंडियम," ती म्हणाली.

दिघ्यांच्या ओठांचा कोपरा हलला. त्यांना पुढचं काही विचारायची गरज नव्हती. मागे कुणीतरी फिसकन हसलं. वामनरावांचा चेहरा लाल झाला, पण क्षणभरच. खुर्चीनं त्यांना बरंच शिकवलं होतं.

"ताटल्या घासणं विद्यार्थ्यांचं काम," ते हसत म्हणाले. "ह्यांनी नीट घासली नाही. शेवटी काय, ज्याचं काम त्यालाच जमायला हवं!"

पहिली रांग मोकळेपणानं हसली. त्या हसण्यात काय काय होतं ते इंदोऱ्याहून आलेल्या बाईला समजावून सांगायची गरज नव्हती.

"ताटली तुमच्या कपाटात असते सर, कुलपात," कौशल्या म्हणाली. तिचा आवाज हॉलच्या शेवटापर्यंत गेला. "पाणी लावू देत नाही तुम्ही. आणि मी सांगितलं होतं."

कुणी हसलं नाही. दिघ्यांनी घड्याळ पाहिलं. तिला वाटलं, आता हा माणूस बोलेल. तो बोलला.

"होतं असं, वामनराव. आमच्याकडेही होतं. जेवायला कुठं आहे म्हणालात?"

आणि सगळे वडाभात खायला गेले. खुर्च्या सरकवल्याचा आवाज बंद झाला तेव्हा हॉलमध्ये ती, काउंटर आणि ताटली एवढंच उरलं. तोवर तिला एकाच माणसाची कीव येत होती. आता तिनं त्यात मुंबईच्या पाहुण्यांचीही भर घातली.

घरी तिचे वडील रामाजी ओसरीत बसले होते. आयुष्यभर कापडगिरणीत काढून निवृत्त झालेला माणूस. तिनं सगळं सांगितलं, नकलांसकट. ते हसले नाहीत.

"रिकामी ताटली काहून ठेवली वं? त्याले खोलीतच दाखवता आली असती ना."

"दाखवून काय फायदा? त्याले समजत नाही, बाबा."

"समजत नाही म्हून, का लोकाईसमोर पाडाचं होतं म्हून?"

तिनं चपला काढून कोपऱ्यात सरकवल्या.

"तो तुले खाली पाहून राहिला, तू त्याले," रामाजी म्हणाले. "तुह्यं लँथॅनम कोन मोजून राहिलं मंग?"

तो प्रश्न तिला वामनरावांच्या टोमण्यापेक्षा जास्त झोंबला, कारण तो बरोबर होता. दोन वर्षांत तिनं मोजलेला एकही आकडा कामाचा नव्हता. वामनराव मूर्ख आहेत हे तेवढं तिनं अचूक सिद्ध केलं होतं, आणि त्याला न्यूट्रॉनची आवश्यकता नव्हती.

सोमवारी ती त्यांच्या खोलीत गेली. ते तिची वाटच पाहत होते. गाइड बदलून घ्या, असं सांगणार होते; पण तिनं बसायच्या आधीच सुरुवात केली.

"ताटली कुणी घासली नाही, ते तुम्ही लोकांना काहीही सांगा. मी खोडून काढणार नाही. चूक माझी होती असं लिहून मात्र देणार नाही. मला मागच्या खोलीची किल्ली हवी, आणि नवी ताटली. काम संपेपर्यंत कुणी मध्ये यायचं नाही."

वामनरावांनी विचार केल्यासारखं केलं. एवढ्या स्वस्तात सुटू असं त्यांना वाटलं नव्हतं. "आम्ही कॅनडात असताना," ते किल्ली काढत म्हणाले, "विद्यार्थ्यांना स्वातंत्र्य देत असू."

ती उन्हाळाभर खपली. मुंबईहून शुद्ध लँथॅनम मागवलं. प्रत्येक नमुना दिवसदिवस पिंपात ठेवला, आणि काढल्यावर तो अर्ध्यावर येईपर्यंत, त्याच्याही पुढे, मोजत राहिली. कॅडमियमच्या डबीत आणि डबीशिवाय. वामनरावांची आठवण तिला क्वचितच आली, आणि आली तेव्हा ती मोजण्याच्या आड येते आहे असं वाटून तिनं ती बाजूला सारली. जून लागता लागता आकडा बसला. तो जगाच्या आकड्याशेजारीच होता, मोजमापात चालणाऱ्या फरकाच्या आत.

तिनं शोधनिबंध लिहून त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी शेवटचं पान उघडलं.

"पण यात नवीन काय आहे?"

"काही नाही."

"मग?"

"बरोबर आहे."

ते तिच्याकडे बघत राहिले. हा विनोद आहे की उद्धटपणा हे त्यांना ठरवता येईना. मग त्यांनी पहिल्या पानावर तिच्या नावाच्या आधी आपलं नाव लिहिलं, वळणदार अक्षरात, आणि सही केली. मधली पानं उलटलीसुद्धा नाहीत.

दोन महिन्यांपूर्वी ती यावर भांडली असती. आता तिनं शाई वाळायची वाट पाहिली, कागद उचलले आणि ती टपाल कचेरीकडे चालू लागली. निबंध पुढच्या वर्षी एका परिषदेच्या जाडजूड पुस्तकात दीड पानात छापून आला. वामनरावांनी त्याच्या प्रती प्राचार्यांना, संस्थाचालकांना आणि त्या वर्तमानपत्राला पाठवल्या. वर्तमानपत्रानं छापलं, 'डॉ. भाकरे यांच्या संशोधनास मान्यता.' कौशल्यानं ते वाचलं, वडिलांना मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि त्याच कागदात दुसऱ्या दिवशीची भाकर बांधून घेतली.