भुऱ्याचं खाणं

"आबा, इकडं बघा. पहिला शब्द कुठला आहे?"

तेजस्विनीने पिशवी उलटी करून सोपानआबांच्या डोळ्यांसमोर धरली. मागच्या बाजूला मुंग्यांसारख्या बारीक इंग्रजी अक्षरांच्या रांगा होत्या. आबांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला, पिशवी लांब धरली, पुन्हा जवळ घेतली.

"सी दिसतोय. चिकन असंल."

"नाही. मक्याचा शब्दपण सीनंच सुरू होतो. कॉर्न. तो आखूड असतो, चिकनचा लांब. ज्यात जे सगळ्यात जास्त, त्याचं नाव पहिलं लिहितात. मका पहिला दिसला की पिशवी खाली ठेवायची."

"मक्याचं मला नको सांगू. जन्म गेला माझा दळण्यात."

एरवी ती हसली असती. आज तिने नुसती मान हलवली आणि दुसरी पिशवी उचलली.

नारायणगावातलं ते दुकान मुळात पेंडीचं. पुढे सरकीची पोती, आणि आतल्या एका फळीवर कुत्र्या-मांजरांचं खाणं. दुकानदार पप्पू तिथून एक भडक पाकीट घेऊन आला. आत लाल, हिरवे, पिवळे दाणे.

"हे न्या काका. लई खपतंय."

"रंगाचं कुत्र्याला काय करायचंय?" तेजस्विनी म्हणाली. "तो आपल्याला भुलवायला असतो. आणि आबा, सुट्टं कधीच घ्यायचं नाही. पोतं कधी उघडलं ते कळत नाही. बंद पिशवी, वरची तारीख बघून. घरी नेली की घट्ट झाकणाच्या डब्यात."

आबा मान डोलवत होते. शाळेतल्या पोराने बाईंसमोर डोलवावी तशी.

"काका, लेक लई हुशार हाय तुमची," पप्पू म्हणाला.

"हाय," आबा म्हणाले.

तेजस्विनी पाठ वळवून फळीवरच्या पिशव्या नीट लावू लागली. त्या नीटच लावलेल्या होत्या.

ती लेक नव्हती, सून होती. आणि येत्या रविवारी तिचं लग्न होतं.

आदेश, आबांचा एकुलता एक मुलगा, दोन वर्षांपूर्वी हायवेवर गेला. मोटरसायकलवरून घरी येत होता, मागून ट्रक आला. लग्नाला तेव्हा तीन वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. आबांची बायको त्याआधीच वारलेली. वारूळवाडीच्या त्या घरात मग दोनच माणसं उरली, सासरा आणि सून, आणि तिसरा भुऱ्या. आदेशनेच तो आळेफाट्यावरून जर्किनच्या आत घालून आणला होता. मूठभर पिल्लू, मातीच्या रंगाचं.

आदेश गेल्यावर तेजस्विनी भिंतीकडे तोंड करून पडून असायची. भाकरी पुढे केली तर खायची, नाही केली तर नाही. त्याच दिवसांत भुऱ्याचे केस झडू लागले. दूध-चपातीवर वाढलेलं कुत्रं, खाजवून खाजवून कातडी लाल झाली. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, याला चांगल्या प्रतीचं कोरडं खाणं सुरू करा. आबांना त्यातलं काही कळेना. ते भिंतीकडे बघत बोलले, "तेजू, मला त्या पिशव्यांवरचं वाचता येत न्हाई. तू येती का?"

ती उठली. साडी बदलली. आदेश गेल्यानंतर ती पहिल्यांदा घराबाहेर पडली ती कुत्र्याचं खाणं आणायला. तासभर दुकानात उभी राहून तिने एकेक पिशवी वाचली. हळूहळू भुऱ्याच्या अंगावर पुन्हा केस आले, आणि ती आबांच्या पिठाच्या गिरणीत बसू लागली. आबा दळायचे, ती तोलायची.

लग्नाची गोष्ट आबांनीच काढली. आळे गावाला तिच्या माहेरी ते एकटेच जाऊन आले. तिला कळलं तेव्हा तिने तोलकाट्यावरचा डबा तसाच सोडला आणि घरात निघून गेली.

"मला घालवताय का आबा?"

"घालवत न्हाई गं. मी हाय तवर हितं तू हायेस. मी गेल्याव कोन हाय तुला?"

"तुम्हाला कोण आहे?"

आबा गिरणीत गेले आणि पट्टा चालू केला, म्हणजे मग काही ऐकू येणार नव्हतं.

स्थळ चाकणचं आलं. राकेश कंपनीत होता, बायको बाळंतपणात गेलेली, मुलगी श्रेया बालवाडीत. माणूस मऊ बोलायचा. आबांनी भुऱ्याला नेण्याचं विचारलं तेव्हा तो खाली बघून म्हणाला, "आबा, मी नक्की नेला असता. पण हिला कुत्रं चावलंय. लांबून भुंकलं तरी थरथरती." त्याने पोरीची बाही वर केली. कोपराजवळ टाक्यांची खूण होती. तेजस्विनीने ती बघितली, पोरीला जवळ ओढलं, आणि पुढे तो विषय निघाला नाही.

दुकानातून दोघं घरी आली. भुऱ्या फाटकाशी गोल गोल नाचला. तेजस्विनीने जुन्या खाण्यात नवं थोडं मिसळलं.

"एकदम बदलायचं नाही आबा, पोट बिघडतं. रोज थोडं थोडं वाढवायचं. शेजारी पाणी भरून ठेवायचं. चपाती द्यायची नाही. तो लाडात येईल, तरी नाही."

"बरं."

"आता तुम्ही द्या."

आबांनी ताटली पुढे ठेवली. भुऱ्याने वास घेतला आणि तेजस्विनीकडे बघितलं. ती म्हणाली, "खा." मग त्याने खाल्लं.

दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. भुऱ्या ताटलीशी बसून दाराकडे बघत राहिला. आबा "खा रे, खा माझ्या राजा" म्हणत होते. आत तिने पदर तोंडात धरला होता. शेवटी ती बाहेर आली, आणि भुऱ्या खायला लागला. लग्नापर्यंत रोज हेच झालं.

लग्न आळ्यातल्या देवळात झालं, चार माणसांत. तिचा बाप म्हणाला, "सोपानराव, कन्यादानाला तुमीच बसा." आबा बसले. हातावर पाणी सोडताना त्यांचा हात स्थिर होता. गाडीत बसताना तेजस्विनी त्यांच्या पाया पडली आणि वर बघून काहीतरी बोलू लागली. आबा मधेच म्हणाले, "जा. पोरगी वाट बघती." मागच्या सीटवर श्रेया हातात नवी बाहुली धरून सरकून बसली होती. जागा करून.

आबा एसटीने घरी आले. भुऱ्या त्यांना हुंगून फाटकाकडे गेला आणि रस्त्याकडे तोंड करून बसला. अंधार पडायला लागला तसं आबांनी त्याला पट्ट्याला धरून आत ओढलं. उसात बिबट्या होता. भुऱ्याने ताटलीला तोंड लावलं नाही.

पुढेही तसंच. आबांनी दाणे कोमट पाण्यात भिजवले, हातावर धरले. भुऱ्या त्यांचा हात चाटायचा, दाणा तसाच ठेवायचा. आबाही चहावर होते. एकट्यासाठी चूल कोण पेटवतो. भाऊबंदातल्या चिमाबाई डोकावल्या आणि म्हणाल्या, "आरं, फोन कर की तिला. येऊन चारून जाईल."

"न्हाई," आबा म्हणाले.

तिचाच फोन आला. "आबा, खातोय ना तो?"

आबांनी भुऱ्याकडे बघितलं. तो दाराशी पडून होता, नाक फटीत खुपसून.

"खातोय की."

"खरं सांगा. नाहीतर मी उद्याच येते. हवं तर फोन त्याच्या कानाला लावा, मी हाक मारते."

आबांनी फोन कानापासून थोडा दूर केला. लावावा का? एक हाक, आणि कुत्रं खाईल. तेवढ्यात पलीकडून बारीक आवाज आला, "आई, माझी वेणी राहिली."

तेजस्विनी म्हणाली, "आले गं, आले." आबांनी तिचा तो आवाज कधीच ऐकला नव्हता. या घरात असं बोलायला तिला कुणी मिळालंच नव्हतं.

"तू जा," ते म्हणाले. "सगळं वरपून खातोय. पोरीची वेणी घाल."

फोन ठेवून ते स्वयंपाकघरात गेले. पीठ काढलं, मळलं, एक भाकरी थापली. कडेला ती फाटली. तव्यावर थोडी करपली. मिरचीचा ठेचा वाटला आणि ताट घेऊन ते भुऱ्याच्या शेजारी, फरशीवर, भिंतीला टेकून बसले. त्याची कोरड्या दाण्यांची ताटली आपल्या ताटाला लागून ठेवली. एक घास तोडला, तोंडात घातला. चावत राहिले. दुसरा घास घेतला. डोळ्यांतलं पाणी हनुवटीवरून भाकरीवर पडत होतं.

खूप वेळाने शेजारी करकर असा आवाज झाला. एकदा. थांबून पुन्हा.

आबांनी मान वळवली नाही. समोरच्या भिंतीकडे बघत ते सावकाश तिसरा घास तोडू लागले.