बफेलोचे रविवार

"सही करू नकोस," एवढंच सांगायला इमेल्डा कॅनडातल्या हॅमिल्टनहून दोन बस बदलून, सीमा ओलांडून बफेलोच्या तुरुंगात आली होती.

हा तिचा तिसरा रविवार. तिचा मुलगा डेस्मंड ट्रक चालवायचा. टेक्ससमध्ये त्याच्या ट्रेलरमधला माल गायब झाला, तिथे वॉरंट निघालं आणि तो सापडला न्यूयॉर्क राज्यात. कोर्टाने दिलेल्या वकिलाने तिला फोनवर समजावलं होतं. टेक्ससला जायला माझी हरकत नाही, अशा कागदावर डेस्मंडने सही केली तर टेक्ससचे पोलीस लवकर येऊन त्याला घेऊन जातील. नाही केली तर त्याचा ताबा मागणारा तिकडच्या गव्हर्नरचा कागद येईपर्यंत तो इथेच, कदाचित तीन महिने. कागद आल्यावरही इथला जज्ज एवढंच बघणार, की माणूस तोच आहे ना आणि कागदपत्रं ठीक आहेत ना. चोरी केली की नाही, ते ठरणार टेक्ससमध्येच.

तीन महिने म्हणजे बारा-तेरा रविवार. नवरा, लॉरेन्स, गेल्यापासून इमेल्डा एका बेसमेंटमध्ये एकटी राहत होती आणि पोरगा वर्षातून दोनदा तोंड दाखवायचा. आता तो दर आठवड्याला दिसत होता. तिला त्याचा आनंद व्हायचा आणि त्या आनंदाची लाजही वाटायची. आईचं काळीज म्हणतात, पण तेही काही कमी आपमतलबी नसतं. मेटल डिटेक्टर वाजतो म्हणून तिने स्वेटरची पितळी बटणं कापून प्लॅस्टिकची लावली होती.

काचेपलीकडे डेस्मंडने फोन उचलला.

"मम्मी, मी साइन नाय केलं. लॉयर बोलला, फाइट करून काय पॉइंट नाय. बट इकडे असलो तर तू येतेस ना."

"चोरी केलीस तू?"

"नाय गं. वेअरहाउसच्या कॅमेऱ्यात दिसेल सगळं. पण ते टेक्ससलाच दाखवायला लागेल."

"मग इकडे कशाला बसलायस?"

"यू आर अलोन, मम्मी."

इमेल्डाच्या मनातलंच तो बोलत होता.

"साइन कर," ती म्हणाली. "उद्याच कर."

कुणी लांब निघालं की त्याच्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढायची त्यांच्याकडची रीत. ट्रक घेऊन निघणाऱ्या डेस्मंडला तिने क्रूस न काढता कधी जाऊ दिलं नव्हतं. तिने अंगठा काचेवर टेकवला. डेस्मंडने कपाळ पुढे आणलं.

पुढच्या रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून ती सरळ घरी आली. कुठली बस गाठायची नव्हती. बेसमेंटच्या खिडकीखाली बसून तिने स्वेटरची प्लॅस्टिकची बटणं उसवली आणि पितळी बटणं एकेक करून पुन्हा शिवली.