शनिवारचा पुरा भाव

"काका, आज विकू नका," असं म्हणत काचवाल्या बाईंनी माझा फोन काउंटरवरून माझ्याकडे परत सरकवला.

काचवाल्या म्हणजे फोनच्या फुटक्या काचा बदलून देणाऱ्या. त्याच काउंटरवर त्या लोकांची स्टेबलकॉइन, म्हणजे फोनवरची डिजिटल नाणी, घेऊन रोख पैसे द्यायच्या. माझी लेक परदेशात म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करते. बँकेतून पैसे पाठवले तर दहा दिवस लागतात आणि वर भुर्दंड. ही नाणी मात्र तिकडून निघाली की दोन मिनिटांत माझ्या फोनवर येतात. एक नाणं म्हणजे एक डॉलर, कालही आणि उद्याही. आमच्याकडच्या नोटा आंघोळीच्या साबणासारख्या झिजत असल्यामुळे आम्ही ती नाणी तशीच ठेवायचो आणि लागेल तेवढीच मोडायचो.

मी चौतीस वर्षं लिफ्टची दुरुस्ती केली, त्यामुळे हे प्रकरण मला लवकर समजलं. लिफ्टच्या पाळण्याला दुसऱ्या बाजूला वजन बांधलेलं असतं, म्हणून तो सांभाळला जातो. तसं प्रत्येक नाण्यामागे ते काढणाऱ्या कंपनीनं बँकेत एक खरा डॉलर ठेवलेला असतो. बाकीची नाणी वरखाली उड्या मारत असतात. त्या उड्यांवर पैसा लावणारे दमले की तेही ह्याच नाण्यावर येऊन टेकतात, असं बाई सांगायच्या.

शुक्रवारी नेमकी ती बँकच बंद पडली. शनिवारी सकाळी शंभर नाण्यांना बाजारात सत्त्याऐंशीच डॉलर मिळत होते आणि ऐंशीवर यायची बोली चालली होती. माझ्यामागे रांग, प्रत्येकाच्या तोंडचं पाणी पळालेलं.

"सोमवारी बँका उघडल्या की कळेल काय ते," बाई म्हणाल्या. "आज विकलंत तर फुकट मराल."

"माझी नाणी, माझी मर्जी," मी म्हणालो. "घेताय का नाही?"

"एवढी घाई कशाला?"

"ते तुम्हाला काय करायचंय?"

असं बोललो खरा. राग माझ्या नाकावर असतो, आणि घरातली गोष्ट काउंटरवर चारचौघांत सांगायची मला सवय नाही. खरी गोष्ट अशी होती की, आदल्या संध्याकाळी बायको म्हणाली, "अहो, डोळ्यासमोर काळं काहीतरी खाली उतरतंय." तिचा उजवा डोळा दोन वर्षांपूर्वीच गेलेला. डाव्यात मोतीबिंदू, त्यातून तिला माणसांचे नुसते आकार दिसायचे. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, आतला पडदा सुटलाय, उद्याच्या उद्या शस्त्रक्रिया करा, सोमवारपर्यंत थांबलात तर हाही डोळा गेला. तेराशे डॉलरांइतकी रक्कम दुपारी चारच्या आत रोख भरायची होती. माझ्या फोनवर चौदाशे नाणी होती. लेकीच्या तीन वर्षांच्या रात्रपाळ्या होत्या त्या.

दगडापेक्षा वीट मऊ म्हणत मी समोरच्या घड्याळवाल्याकडे गेलो. तोही नाणी घ्यायचा, आणि त्या दिवशी हात धुऊन घेत होता.

"सत्तर," तो म्हणाला.

"बाजारात सत्त्याऐंशी आहे की!"

"मग बाजारात जा ना काका. इथं कशाला आलात?"

सत्तरनं नऊशे ऐंशीच होत होते. उरलेले कुणापुढे हात पसरून आणायचे, याचा विचार करत मी नाणी पाठवायचा त्याचा पत्ता फोनवर घेतला. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, तसा मी धरून बसलो होतो. बोट बटणावर ठेवणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

"काका, काकू कुठेत?"

काचवाल्या बाई काउंटर उघडा टाकून रस्ता ओलांडून आल्या होत्या. हातात तो बारका स्क्रू-ड्रायव्हर तसाच.

"दर वेळी बरोबर येतात, बाहेर पायरीवर बसतात, मला हाक मारतात. आज का नाही आल्या?"

मी सगळं सांगून टाकलं, घड्याळवाल्यासमोर, रस्त्यावर. बाईंनी माझ्या हातातला फोन घेतला, घड्याळवाल्याचा पत्ता पुसला आणि म्हणाल्या, "चला."

काउंटरमागून त्यांनी डबा काढला. एकास एक, शंभराला शंभर, तेराशे नाण्यांचे पुरे पैसे मोजून माझ्यापुढे ठेवले.

"अहो, पण भाव सत्त्याऐंशी आहे," मी म्हणालो.

"मी कुठं आज विकणार आहे? मी ठेवून देणार. मला काही आज ऑपरेशन नाही."

"आणि सोमवारी भाव नाही आला तर?"

"तर नाही आला." त्या नोटांना रबर लावत होत्या. "मागं एकदा असंच एक स्थिर म्हणवणारं नाणं शून्यावर गेलंय माझं. त्याच्यामागं काहीच नव्हतं, नुसतं गणित होतं. स्वतःचं दुकान होतं माझं, ते गेलं त्यात. म्हणून तर हे भाड्याचं काउंटर. ह्याच्यामागं पैसे आहेत. अडकलेत, बुडाले नाहीत, असं मला वाटतं."

"वाटतं?"

"वाटतंच. लिहून कोण देणार? निघा आता, चार वाजतील."

मागच्या रांगेतल्या लोकांना त्यांनी सांगितलं की, ज्याचं सोमवारपर्यंत अडतंय त्यानंच पुढं यावं, बाकीच्यांनी घरी जाऊन झोपावं. पुढं आणखी कितीजण आले ते मला माहीत नाही. मी रिक्षा पकडली होती.

शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी त्याच बैठकीत मोतीबिंदूही काढला. पडदा चिकटून राहावा म्हणून डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला होता, त्यामुळे दहा दिवस बायकोला पालथं झोपायचं होतं. ती उशीत तोंड खुपसून मला स्वयंपाकाच्या सूचना द्यायची आणि मी जमिनीवर उताणा पडून तिच्याशी बोलायचो. लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली, एवढं कधी बोललो नव्हतो.

सोमवारी दुपारपर्यंत भाव पुन्हा शंभरावर आला. पुढे एकदा घड्याळवाला मला म्हणाला, "त्या बाईचं काय गेलं सांगा! भाव तर आलाच परत."

"शनिवारी तुला सोमवार माहीत होता का रे?" मी विचारलं. तो घड्याळ पुसायला लागला. माहीत असता तर त्यानंही पुरे पैसे दिले असते, असं तुम्ही म्हणाल. पण माहीत नसतानाही पुरे पैसे देणारं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं, आणि त्या माणसाचे उपकार मी फेडू शकत नाही, हे मला कबूल करायला आवडतं.

सहाव्या आठवड्यात बुडबुडा विरला. पहिल्यासारखं नाही, सरळ रेघ तिला अजून जराशी वाकडी दिसते. पण दिसतं. डॉक्टरांकडून बाहेर पडल्यावर मी विचारलं, "घरी जायचं ना?"

"आधी त्यांना बघायचंय," ती म्हणाली.

काउंटरपाशी गिऱ्हाईकं होती. बायको पायरीवर बसली नाही, सरळ आत गेली आणि म्हणाली, "जरा पुढं या हो, उजेडात."

बाई बाहेर आल्या. बायकोनं त्यांच्याकडे पाहिलं. किती वेळ पाहिलं! कपाळ, केस, हनुवटी, सगळं सावकाश. गिऱ्हाईकं ताटकळली. बाई अवघडल्या, पदराला हात पुसले, मग तशाच उभ्या राहिल्या.

"आवाजावरून मला वाटलं होतं, बऱ्याच मोठ्या असाल," बायको म्हणाली. "केवढ्याशा आहात. आणि किती दमलायत."

बाईंचे डोळे भरले. "काकू, इथं सगळे स्क्रीन बघतात हो. मला कुणी नाही बघत."

त्यांनी चष्मा काढून पुसला. चार वर्षं मी त्या काउंटरवर जात होतो, दोन्ही डोळे शाबूत असताना. त्यांना चष्मा आहे, हे मला त्या दिवशी दिसलं.